पहिल्यांदा पंप पाठीवर घेण्याआधी: कपाशीची फवारणी, पायरीपायरीने

फवारणी करताना विष अंगात जातं ते मुख्यतः कातडीतून. नाकातोंडावाटे जातं ते त्या मानाने थोडं. नवीन माणूस मात्र तोंडाला रुमाल घट्ट बांधतो आणि गळका पंप, ओली पाठ, उघड्या पोटऱ्या घेऊन चार-चार तास कपाशीत फिरतो. खाली जे जे सांगितलं आहे ते बहुतेक एकाच हेतूने आहे: औषध पिकावर पडावं आणि अंग कोरडं राहावं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. कारण एकच नव्हतं. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा छातीच्या आणि तोंडाच्या उंचीवर. गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधं एकत्र केलेली. बारीक थेंब जोरात फेकणारे पंप. वर दमट उकाडा, घामेजलेलं अंग. यातलं प्रत्येक कारण आजही आपल्या शेतात असू शकतं, म्हणून सुरुवात पंपापासून करू.

पंप आधी साध्या पाण्यावर चालवा

हंगामाच्या आधी एकदा, आणि नंतर प्रत्येक फवारणीच्या आदल्या दिवशी, टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप पाठीवर घ्या. दहा मिनिटं चालवा. मग शर्टाची पाठ आणि हात चाचपून बघा. ओलं लागलं तर गळती आहे, आणि ती बहुधा चार ठिकाणांपैकी एका ठिकाणी असते:

१. टाकीचं झाकण. आतला वायसर कडक झालेला किंवा चिरलेला असतो. वाकलं की झाकणातून पाणी मानेवर येतं. वायसर बदला, झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी कोंबणं हा उपाय नव्हे.
२. टाकीच्या तळाला नळी जोडलेली असते तो सांधा. इथली गळती कमरेवरून थेट जांघेत उतरते. जांघेची आणि वृषणाची कातडी तळहातापेक्षा कितीतरी पटीने विष शोषते, म्हणून ही गळती सगळ्यात वाईट.
३. हातातला खटका. सोडल्यावरही थेंब पडत राहिले तर आतली स्प्रिंग किंवा वायसर गेलेला आहे.
४. लान्स (हातात धरायची फवाऱ्याची लांब नळी) आणि नोझल (तिच्या टोकाचं फवारा सोडणारं तोंड) यांचा सांधा.

पट्टे रुंद आणि गादीचे असावेत. कापडी पट्टा औषधात भिजला की तो खांद्याला लावलेली पट्टीच होतो; पुढच्या फवारणीला कोरडा दिसला तरी त्यात औषध असतं. पट्टे दर वेळी साबणाने धुवा.

नोझल कामाप्रमाणे लावा. कीटकनाशक आणि बुरशीनाशकाला पोकळ शंकूसारखा फवारा देणारं नोझल, तणनाशकाला सपाट पंख्यासारखा फवारा देणारं. तणनाशकाला तर पंपच वेगळा ठेवा. २,४-डी फवारलेल्या पंपात राहिलेला अंशही कपाशीला पुरतो. पानं अरुंद, लांबट, पंजासारखी फाटलेली येतात आणि झाड बसतं. पंप नुसता विसळून हा अंश जात नाही.

एका गुंठ्यावर मोजणी करा

"एका पंपाला एक झाकण" हे माप विसरा. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळ्या आकाराचं असतं, आणि तुमच्या शेतात एकराला किती पंप लागतात हे झाकणाला माहीत नसतं.

३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा आखा. हा बरोबर एक गुंठा. पंपात मोजून ८ लिटर साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीने तेवढाच तुकडा फवारा, उरलेलं पाणी मोजा. समजा ४ लिटर लागलं. एकरात ४० गुंठे, म्हणजे एकराला १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे १० पंप.

आता बाटलीवरची मात्रा बघा. ती बहुधा हेक्टरी असते. हेक्टर म्हणजे अडीच एकर. हेक्टरी २५० मिली लिहिलं असेल तर एकरी १०० मिली. दहा पंपांत वाटलं की पंपाला १० मिली. हे माप नळीच्या मोजपात्राने घ्यायचं.

ही मोजणी वर्षातून एकदा करून भागत नाही. जुलैत गुडघ्याएवढ्या कपाशीला पाणी कमी लागतं, सप्टेंबरमध्ये दुप्पटही लागू शकतं. पीक वाढलं आणि तुम्ही पंपामागे तेच १० मिली टाकत राहिलात तर एकरी मात्रा वाढत जाते, खर्चही वाढतो आणि अंगावर येणारं विषही.

पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला एकरी पाणी बरंच कमी लागतं. एकरी औषध तेवढंच, पाणी कमी, म्हणून टाकीतलं द्रावण कितीतरी दाट होतं. बॅटरी पंपाचा एक शिंतोडा आणि पॉवर पंपाचा एक शिंतोडा सारखे नाहीत. नवख्या माणसाने पहिला हंगाम तरी पॉवर पंपापासून लांबच राहावं.

दुकानात

आधी शेतात फिरा, मग दुकानात जा. तुडतुडे आहेत, फुलकिडे आहेत, पांढरी माशी आहे की बोंडअळी, हे नक्की करून गेलात तर दुकानदार तुमच्या गळ्यात तीन बाटल्या मारू शकत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले आणि हिरवी बोंडं फोडून बघितली तर फवारणीची वेळ आली आहे की नाही हे कळतं. शंका असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात झाडाची फांदी दाखवा, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा. मराठीत बोलता येतं.

बाटली हातात घेतल्यावर तिच्यावरचा तिरपा चौकोन बघा. त्याचा खालचा अर्धा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, सोबत कवटीचं चित्र. मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नव्हे. आणि रंग सगळं सांगत नाही: पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही, घोटभर पोटात गेलं तरी फुप्फुसं निकामी होऊन माणूस जातो. त्रिकोण बघून हे कळत नाही; आतल्या माहितीपत्रकात "उतारा" या मथळ्याखाली वाचावं लागतं.

पक्कं बिल घ्या. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असलीच पाहिजे. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस यांच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुना साठा म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका. सुटं, ओतून दिलेलं औषध तर कधीच नको.

एक सापळा नीट समजून घ्या. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के असं तयार मिश्रण बाजारात मिळतं. क्लोरपायरीफॉस ५० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ५ टक्के हेही मिळतं. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, म्हणून शेतकरी दोन्ही एका टाकीत टाकतो. प्रत्यक्षात त्याने एकाच गटाची, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेटची दोन विषं एकत्र केली आणि वर सायपरमेथ्रिन दोनदा टाकलं. अळी त्याने दुप्पट मरत नाही. म्हणून मोठ्या अक्षरातलं व्यापारी नाव सोडा आणि खालचं बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव वाचा.

अंगावर काय घालायचं

पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, टोपी, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, गमबूट. पाठीवर, सदरा आणि पंपाच्या मध्ये, जाड प्लास्टिकचा तुकडा. वाढलेल्या कपाशीत मांड्याही भिजतात, म्हणून पुढून प्लास्टिकचा ॲप्रन गुडघ्याखालपर्यंत.

पँट गमबुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर वरून ओघळलेलं औषध बुटात साचतं आणि पाय दिवसभर त्यात भिजत राहतो. हातमोज्याचंही तसंच: हात खाली ठेवून फवारत असाल तर बाही मोज्याच्या वर, हात खांद्याच्या वर जाणार असेल तर बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड दुमडून, म्हणजे ओघळ कोपरात न जाता दुमडीत अडकेल. कापडी किंवा चामड्याचे मोजे नकोत, ते औषध शोषतात.

रुमालाबद्दल. ओला रुमाल नाकावर बांधून फिरणं म्हणजे विष नाकाशी धरून ठेवणं. साधा एन-९५ मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. तरी रुमालापेक्षा तो कितीतरी बरा. उग्र वासाच्या, वाफ होणाऱ्या औषधांना रासायनिक वाफ शोषणारी डबी असलेला मास्क लागतो. मास्क लावूनही वास यायला लागला तर डबी संपली असं समजा.

हे सगळं घालून उकडतं, हे खरं आहे. म्हणूनच वेळ महत्त्वाची. दुपारी बारा वाजता हे अंगावर ठेवणं कोणालाच जमत नाही, मग एकेक काढून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवलं जातं.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, दमेकऱ्यांनी, अंगावर जखम असलेल्यांनी हे काम करू नये. दारू प्यायलेल्याला तर पंप देऊच नका. पाणी आणून देणं, औषध कालवणं हे घरातल्या बाईचं काम असं धरलं जातं. पण कालवताना तिच्या हाताखाली बाटलीतलं अस्सल औषध असतं, पाणी मिसळलेलं नव्हे. मोजे आणि चष्मा तिलाही हवाच.

दिवस, वेळ आणि वारा

सकाळी दव वाळल्यापासून दहा-साडेदहापर्यंत, किंवा चारनंतर. फुलोऱ्यातल्या पिकाला संध्याकाळच चांगली, कारण मधमाश्या तोवर परतलेल्या असतात. उपाशीपोटी जाऊ नका. पावसाचा अंदाज असेल तर थांबा; औषध वाहून गेलं की दोन दिवसांनी पुन्हा तीच जोखीम घ्यावी लागते.

वाऱ्याचं गणित एका उदाहरणाने. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतोय आणि तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, उत्तर-दक्षिण आहेत. मग शेताच्या पूर्व कडेपासून सुरुवात करा आणि दर फेरीला पश्चिमेकडे सरका. फवारा पूर्वेला, आधीच फवारलेल्या भागावर जातो आणि तुम्ही कायम कोरड्या पिकात असता. उलट केलंत तर प्रत्येक तासाला आधीच्या तासाचा फवारा अंगावर.

तासं वाऱ्याच्याच दिशेने असतील तर वाऱ्याकडे तोंड करून चाला, लान्स बाजूला आणि थोडी मागे धरा. परतताना फवारू नका, धुऱ्यावरून या. वेळ जास्त लागतो, पण दुसरा मार्ग नाही. पानं सारखी हलत असतील आणि धूळ उडत असेल तर त्या दिवशी फवारणीच नको. अगदी निपचित पडलेली, पान न हलणारी हवाही चांगली नाही. बारीक थेंब तिथेच तरंगत राहतात आणि तुम्ही त्यातून चालता.

औषध कालवणं: सगळ्यात धोक्याची पाच मिनिटं

शेतातले चार तास एकीकडे आणि ही पाच मिनिटं एकीकडे. बाटलीत पाण्याचा थेंब न मिसळलेलं विष असतं. चष्मा आणि मोजे फवारताना काढावेसे वाटले तरी इथे कधीच काढू नका.

१. जागा उघड्यावर, विहीर, ओढा आणि गुरांच्या हौदापासून लांब. वारा पाठीवर घ्या.
२. झाकण हाताने किंवा चाकूने उघडा, दाताने नाही. सील फोडताना बाटली तोंडाजवळ धरू नका.
३. टाकी निम्मी पाण्याने भरा. गाळणी जागेवर हवी.
४. मोजलेलं औषध छोट्या बादलीत थोड्या पाण्यात काठीने कालवा. हाताने नाही, मोजा घातला असला तरी नाही.
५. ते टाकीत ओता, मग पाणी पुरं करा. टाकी काठोकाठ भरू नका, दोन-तीन बोटं जागा सोडा.

दोन औषधं एकत्र करायची शिफारस खरोखर असेलच तर क्रम असा: आधी पाण्यात मिसळणाऱ्या भुकट्या आणि दाणेदार औषधं, म्हणजे डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, मग एससी (दाट, गढूळ द्रव), मग ईसी (पाण्यात दुधाळ होणारा तेलकट द्रव), शेवटी एसएल (पाण्यात विरघळणारा द्रव), आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) सगळ्यांच्या नंतर. त्याआधी काचेच्या बाटलीत एक लिटर पाण्यात त्याच प्रमाणात थोडं कालवून अर्धा तास ठेवा. दही धरल्यासारखं झालं, तळाला साका बसला किंवा बाटली गरम लागली तर ती जोडी नकोच. असं मिश्रण पंपात गेलं की नोझल तुंबतं, आणि मग दर दहा मिनिटांनी तुंबलेलं नोझल हाताने उघडत बसावं लागतं.

बाटली रिकामी झाली की लगेच पाव भाग पाणी भरा, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी टाकीतच ओता. असं तीनदा. बाटलीला आतून चिकटलेलं औषधही वाया जात नाही आणि बाटलीत विष राहत नाही. मग खिळ्याने तळाला भोक पाडा. भोक नसलेली बाटली कुठे ना कुठे तेलाला किंवा पाण्याला वापरली जातेच. रिकाम्या बाटल्या जाळू नका, विहिरीत किंवा धुऱ्यावर टाकू नका; पोत्यात भरून कुलपात ठेवा. ज्या दुकानातून घेतल्या तिथे परत घेतात का, हे विचारा.

तासातून चालताना

लान्स समोर धरून आपणच फवारलेल्या पानांत शिरायचं, ही नवख्याची पहिली चूक. ओल्या पानांनी मांड्या आणि पोट भिजतं. लान्स बाजूच्या तासावर धरा. कपाशी खांद्याच्या वर गेली असेल तर लान्स डोक्यावर नेऊन फवारू नका. बाजूने, खालून वर, पानांच्या मागच्या बाजूला मारा. रसशोषक किडी पानांच्या मागेच असतात, त्यामुळे काम उलट चांगलं होतं. कपाशी डोक्याच्या वर जाऊच नये म्हणून लागवडीचं अंतर आणि शेंडे खुडणं याचा विचार वेळेवर व्हायला हवा; सप्टेंबरमध्ये त्यावर इलाज उरत नाही.

नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. हे सांगूनही लोक करतात, कारण खिशात दुसरं साधन नसतं. म्हणून खिशात जुना दात घासायचा ब्रश आणि एक जादा नोझल ठेवा. तार किंवा खिळा घालू नका. भोक मोठं होतं आणि मग मात्रा चुकते.

मध्ये खर्रा घोटायचा नाही, तंबाखू मळायची नाही, विडी ओढायची नाही. तळहातावर मळलेल्या तंबाखूबरोबर तळहातावरचं सगळं थेट तोंडात जातं. तलफ आलीच तर आधी मोजे धुवा, मग काढा, मग हात साबणाने धुवा. पाण्याची बाटली वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, पिशवीत झाकून ठेवा, औषधाच्या पेटीत नको. घाम पुसायला वेगळा फडका हवा. बाहीने तोंड पुसू नका.

अंगावर औषध सांडलं तर काम तिथेच थांबवा, कपडा काढा, साबणाने धुवा. "हा पंप संपवतो आणि मग धुतो" यातली वीस मिनिटं फार असतात. यासाठी धुऱ्यावर दोन बादल्या स्वच्छ पाणी, साबण आणि कपड्यांचा एक जोड आधीच नेऊन ठेवलेला पाहिजे.

काम संपल्यावर

उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका. मोजणी बरोबर असेल तर ते उरतच नाही. थोडं राहिलंच तर पाणी घालून त्याच पिकाच्या कडेच्या तासांवर मारा. पंप साध्या पाण्याने तीनदा विसळा, ते पाणीही शेतातच.

मोजे हातात असतानाच साबणाने धुवा. मग गमबूट, ॲप्रन, चष्मा काढा; मोजे सगळ्यांत शेवटी. मोजे आधी काढले तर पुढचं सगळं उघड्या हाताने करावं लागतं. अंघोळ घरी पोचल्यावर चहा पिऊन नव्हे, आधी. केस आणि नखांसकट. त्या कपड्यांना घरच्या कपड्यांत टाकू नका, वेगळ्या बादलीत धुवा आणि धुणाऱ्याने मोजे घालावेत. गोठ्यात टांगून ठेवलेला खारट सदरा गुरं चाटतात, हेही लक्षात असू द्या.

उरलेलं औषध मूळ बाटलीतच, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर. दारूच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध कोणीतरी पितंच.

शेजाऱ्याला आणि गावाला कळवा

फवारलेलं शेत वेगळं दिसत नाही. धुऱ्यावर चारा कापायला आलेल्या बाईला, शेळ्या घेऊन आलेल्या पोराला ते कळायचं कसं? शेताच्या चारही कोपऱ्यांवर लाल फडकं बांधा आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन ओळी टाका. मजकूर असा पुरे: "ओढ्याकाठच्या पट्टीत आज संध्याकाळी कपाशीला फवारणी आहे. औषध अमुक. परवा सकाळपर्यंत तिथे गुरं सोडू नका, चारा-भाजी तोडू नका." औषधाचं नाव लिहिणं महत्त्वाचं, कोणाला त्रास झाला तर डॉक्टरला तेच लागतं. गटावर नसलेल्या घरांसाठी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लिहा.

पानं पूर्ण वाळेपर्यंत, आणि निदान २४ तास, शेतात खुरपणीला किंवा वेचणीला कोणी जाऊ नये. माहितीपत्रकात जास्त काळ दिला असेल तर तेवढा. काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळही तिथेच लिहिलेला असतो.

शेजारी तुतीची बाग असेल तर आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन सांगा, नुसता मेसेज नको. बीड, जालना या भागात रेशीम शेती वाढली आहे, आणि कपाशीवरच्या फवाऱ्याचा अंश तुतीच्या पानावर बसला तर ती पानं खाल्लेल्या रेशीम अळ्यांची अख्खी बॅच जाते. शेजारी मधपेट्या असतील तर मधपाळाला त्या रात्री हलवता किंवा झाकता येतात, पण त्यासाठी त्याला वेळ हवा.

विषबाधा झाली तर

ऑरगॅनोफॉस्फेटची लक्षणं बहुधा अशी दिसतात: डोकं दुखणं, मळमळ, भरमसाट घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, नजर अंधुक, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, पोटात कळ, जुलाब, मांसपेशी फडफडणं, छाती भरून येणं. उन्हाने झालं असेल असं म्हणून माणसाला झाडाखाली झोपवून ठेवतात, तिथेच वेळ जातो. फवारणी केलेल्या माणसाला यातलं काही झालं की ते विषबाधाच समजून चालायचं. लक्षणं काही मिनिटांतही येतात आणि काही तासांनी, रात्री घरी गेल्यावरही येतात.

रोज फवारणी करणाऱ्याला हे आणखी अवघड. ही विषं रक्तातलं आणि मज्जातंतूंमधलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य मारतात, आणि ते पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. सोमवारी, मंगळवारी काही झालं नाही म्हणून गुरुवारी होणार नाही असं नसतं. दर दिवसाचा थोडा थोडा भार साठत जातो. सलग फवारणी करणाऱ्याच्या रक्ताची ही तपासणी करता येते. डॉक्टरला नाव घेऊन विचारा.

काय करायचं:

१. माणसाला शेताबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या. मदत करणाऱ्याने मोजे घालावेत.
२. सगळे कपडे काढा. भरपूर पाण्याने आणि साबणाने केसांपासून पायापर्यंत धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या उघडून १५ मिनिटं साध्या पाण्याची धार.
३. १०८ ला फोन करा. धुण्यासाठी फोन थांबवू नका. एकाने धुवावं, दुसऱ्याने फोन करावा.
४. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, लिंबू, ताक, तूप काहीही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जात नाही.
५. औषधाची बाटली आणि माहितीपत्रक बरोबर घ्या. बाटली न्यायला जमत नसेल तर लेबलचा फोटो, दोन्ही बाजूंनी.

राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा दिल्लीचा क्रमांक १८००-११६-११७ हा डॉक्टरांनाही उपयोगी पडतो, विशेषतः दोन-तीन औषधं एकत्र असतील तेव्हा. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन देतात. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाने नुसती तोंडावर आग होत असेल तर उपचार वेगळा. म्हणून नाव हवंच.

बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून पळून येऊ नका. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत अचानक मान उचलता न येणं, हातापायांतलं बळ जाणं आणि श्वास मंदावणं असा दुसरा झटका येऊ शकतो. तो घरी आला तर वाचवणं अवघड असतं.

कागदपत्रं आणि मजुरी

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत फवारणीची विषबाधा बसते. १० ते ७५ वर्षे वयाचा वहितीधारक खातेदार आणि खात्यावर नाव नसलेला त्याच्या कुटुंबातला एक जण यांना ती लागू आहे. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यासही तेवढेच, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा. सातबारा, वारसाच्या नोंदीचा गाव नमुना ६-क, वयाचा पुरावा, पोलिसांची कागदपत्रं लागतात. दवाखान्यात दाखल करतानाच "फवारणी करताना विषबाधा" अशी पोलीस केस म्हणून नोंद करून घ्या. पुढे आत्महत्या की अपघात हा प्रश्न निघाला तर पहिली नोंदच कामी येते. औषधाचं बिलही जपून ठेवा.

भूमिहीन मजूर मात्र या योजनेत येत नाही, आणि फवारणी तर बहुतेक ठिकाणी मजूरच करतो. शिवाय मजुरी पंपामागे ठरलेली असते. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, म्हणून तो दुपारीही थांबत नाही, अंगावर सांडलं तरी धुवायला जात नाही. तेव्हा मजुरी दिवसावर किंवा एकरावर ठरवा, मोजे-चष्मा-ॲप्रन शेतमालकाने द्यावेत, आणि एकाच माणसाला सलग रोज पंप न देता दोन-तीन जणांनी आळीपाळीने काम करावं. हे बोलणं कामाला सुरुवात होण्याआधीच व्हायला हवं. पंप पाठीवर चढल्यावर कोणी घासाघीस करत नाही.